दस्तुरखुद्द की बकलम?

ठाणे जिल्ह्यात मानपाडा दोन आहेत. एक ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या बाजूला. दुसरा डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्याच्या अंगाला. दोन्हींच्या मध्ये खाडी आणि भरपूर वाहतूक. त्यामुळे या भागात कुणी फोनवर ‘मी मानपाड्याला राहतो’ म्हणालं, की समोरचा लगेच विचारतो, ‘कुठला मानपाडा?’ या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही. आपल्यावर संशय घेतला असंही कुणाला वाटत नाही. एकाच नावाखाली दोन जागा आहेत, तेव्हा नेमकी कुठली ते सांगून टाकायचं, इतकंच.

‘मी लिहिलं’ या दोन शब्दांचं सध्या तसंच झालं आहे. या नावाखालीही आता दोन जागा आहेत.

दोन्ही मानपाड्यांतली मुलं ज्या कॉलेजांत जातात, त्यांतली बरीचशी मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथल्या वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांच्या मुलांच्या तोंडी ‘ब्लॅक बुक’ हा शब्द असतो. ब्लॅक बुक म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अहवाल. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरांत विषय आणि नाव. परीक्षा जवळ आली की कॉलेजाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत या काळ्या पुस्तकांच्या चळती दिसू लागतात.

ब्लॅक बुक उघडलं की सुरुवातीलाच एक प्रतिज्ञापत्र असतं. मुलं त्याला ‘डिक्लरेशन’ म्हणतात. त्याचा मजकूर ठरलेला आहे. हा प्रकल्प माझ्या स्वतःच्या अभ्यासातून झाला आहे. तो याआधी दुसऱ्या कुठल्या पदवीसाठी सादर केलेला नाही. आणि जिथे इतरांच्या कामाचा आधार घेतला तिथे तो स्पष्ट नोंदवला आहे. जवळच ऋणनिर्देशाचं पान. त्याचीही सुरुवात ठरलेली : मदत करणारे इतके आहेत, की त्यांची यादी करणंच कठीण. हा मजकूर एका वर्षाच्या पेनड्राइव्हमधून दुसऱ्या वर्षाच्या पेनड्राइव्हमध्ये जातो. बदलतात ती नावं. म्हणजे अख्ख्या पुस्तकात सर्वांत जास्त वेळा उतरवून घेतलेलं पान कुठलं, तर ‘हे माझं स्वतःचं आहे’ असं सांगणारं!

हा विनोद वर्षानुवर्षं खपून गेला, कारण त्या पानाला फारसं काम नव्हतं. मजकूर कुठून उचलला ते मार्गदर्शकांना साधारण कळायचं. गाइडमधला परिच्छेद गाइडसारखाच वाचायचा आणि सीनियरच्या प्रकल्पातला तक्ता ओळखीचा वाटायचा. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं आणि परिस्थिती पालटली. आता मजकूर कुठूनच उचललेला नसतो. तो मागितल्यावर तिथल्या तिथे तयार होतो. कुणी, काय, किती लिहिलं हे कागदाकडे पाहून कळत नाही. ते कळण्याची एकच खात्रीची जागा उरते. ज्याने कागद दिला, त्याने स्वतः सांगणं. म्हणजे कुणी न वाचलेलं ते प्रतिज्ञापत्राचं पान.

कलम कुणाची, शब्द कुणाचा

लिहिणारा हात एकाचा आणि म्हणणं दुसऱ्याचं, ही गोष्ट मराठीला नवी नाही. जुन्या मोडी कागदांत ती रोजची होती. लिहिता येणारे थोडे, पण जमिनीचे व्यवहार, कर्जरोखे आणि तक्रारी सगळ्यांच्याच. शेतकरी सांगायचा, कारकून लिहायचा. कागदाच्या शेवटी शेतकऱ्याच्या नावापुढे नांगराचं चित्र असायचं, ‘निशाणी नांगर’. आणि ज्याने लिहिलं त्याच्या नावाआधी शब्द यायचा, ‘बकलम’. म्हणजे अमक्याच्या कलमेने. स्वतःच्या हाताने लिहिलं असेल तर तसं नोंदवायलाही शब्द होता, ‘दस्तुरखुद्द’. आज आपण ‘दस्तुरखुद्द मुख्यमंत्री आले होते’ असं म्हणतो तेव्हा त्या शब्दातलं हस्ताक्षर विसरून गेलेलो असतो.

या रिवाजातलं शहाणपण नीट पाहण्यासारखं आहे. दुसऱ्याकडून लिहून घेणं यात कुणाला कमीपणा नव्हता. पण कोणी लिहिलं ते कागदावरच यायचं, कागद ज्याचा त्याची निशाणी वेगळी यायची आणि साक्षीदारांची नावं त्याहून वेगळी. पुढे तंटा झाला, तर कुणाला काय विचारायचं हे ठरलेलं असायचं. मजकुराची जबाबदारी नांगरवाल्याची, लेखनाची कलमवाल्याची.

असाइनमेंटमध्ये एआय वापरल्याचं जाहीर करणं म्हणजे हाच बकलम. फरक एवढाच, की या कलमवाल्याला साक्षीला बोलावता येत नाही. म्हणून वैज्ञानिक प्रकाशनांच्या नीतिनियमांचा विचार करणाऱ्या ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३च्या सुरुवातीलाच स्पष्ट केलं, की एआयचं नाव लेखक म्हणून लावता येणार नाही. लेखकाला लिहिल्याची जबाबदारी घ्यावी लागते, आणि यंत्र ती घेऊ शकत नाही. वापर केला असेल तर माणसाने तो सांगायचा आणि चुकलं तर माणसाने उत्तर द्यायचं.

एक पायरी खालचा लेखनिक

विद्यापीठांच्या परीक्षांतही बकलमची एक अधिकृत सोय आहे. ज्यांना अपंगत्वामुळे स्वतः लिहिता येत नाही, त्यांना लेखनिक मिळतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दर तासामागे किमान वीस मिनिटं जादा वेळ द्यावा, हे त्यात होतं. आणखीही एक अट होती. परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल, तर त्या लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचं असावं.

ही अट थोडा वेळ मनात घोळवावी. लेखनिक कमी शिकलेला का हवा? कारण परीक्षा डोक्याची आहे. हात उसना चालेल, डोकं चालणार नाही. लेखनिकाला उत्तर येत नसेल, तर कागदावर उतरलेलं उत्तर परीक्षार्थीचंच असणार. या एका अटीत लेखी मूल्यमापनाचं सगळं तत्त्व आलं.

एआयमुळे हे तत्त्व उलटंपालटं होतं. मानपाड्यातल्या मुलीच्या फोनमध्ये जो लेखनिक बसला आहे, तो तिच्यापेक्षा एक पायरी खालचा नाही. भाषेत तो तिच्या पुष्कळ पायऱ्या वर आहे, वेगात त्याहून वर, आणि वास्तवाच्या बाबतीत मात्र तिच्याही खाली. मानपाडा रस्त्यावर संध्याकाळी सातला किती गर्दी असते हे तिला माहीत आहे, त्याला नाही. तेव्हा नियम ठरवताना पहिला प्रश्न हा विचारायला हवा : या असाइनमेंटमध्ये नेमकं काय तपासायचं आहे? त्या कामात लेखनिक मुलीच्या वर असेल, तर ते काम त्याच्याकडे देता येणार नाही. बाकीचं देता येईल, पण सांगून.

चौदा शब्द, दहा टक्के आणि एक पळवाट

आता कायद्याच्या कागदाकडे येऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियमावली आणली. कॉलेजांत ‘दहा टक्क्यांच्या आत पाहिजे’ हे जे वाक्य फिरतं, त्याचं मूळ तिथे आहे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचा. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सादर करता येणार नाही. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांचे आणि समीकरणांचे मजकूर या मोजणीतून वगळलेले आहेत. सर्वसाधारण माहितीची किंवा योगायोगाने जुळलेली सलग चौदा शब्दांपर्यंतची जुळणीही वगळली आहे.

पण दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. पहिली अशी, की ही नियमावली ज्या लेखनाला लागू होते त्याची व्याख्या तीत दिली आहे, आणि त्या व्याख्येतून असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका स्पष्टपणे बाहेर ठेवल्या आहेत. ती आहे पदव्युत्तर आणि संशोधन पातळीचे प्रबंध, शोधनिबंध आणि पुस्तकं यांच्यासाठी. म्हणजे पदवीच्या वर्गातल्या ब्लॅक बुकवर ते टक्क्यांचं कोष्टक थेट बसतच नाही. तिथे राज्य चालतं कॉलेजच्या, विभागाच्या आणि शिकवणाऱ्या बाईंच्या किंवा सरांच्या नियमाचं.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची. नियमावलीच्या व्याख्येनुसार वाङ्मयचौर्य म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी काम किंवा कल्पना आपली म्हणून खपवणं. ‘दुसरा कुणीतरी’! यंत्र हा कुणीतरी आहे का? २०१८मध्ये हा प्रश्न कुणाला पडण्याचं कारण नव्हतं. चोरीसाठी मालक लागतो, आणि इथे मालकच सापडत नाही. म्हणून जुन्या नियमाच्या आधाराने नव्या वागण्याला ‘चोरी’ म्हणताना अडखळायला होतं. हे खरं तर चोरीचं प्रकरण नाहीच. सहीखालचा मजकूर आणि सही करणारा यांचं नातं खोटं सांगितलं गेलं, हा त्यातला दोष आहे. जुन्या कागदांच्या भाषेत सांगायचं तर, बकलमला दस्तुरखुद्द म्हटलं.

टक्केवारीचा दुसरा आकडा

सध्या विद्यार्थ्यांच्या हाती दोन वेगळ्या टक्केवाऱ्या येतात आणि त्यांची गल्लत होते. एक साम्याची. तुमचं वाक्य आधी छापलेल्या अमुक वाक्याशी जुळतं, हे ती दाखवते. शिक्षकाला मूळ पान उघडून खातरजमा करता येते. दुसरी ‘एआय’ची. ती दाखवते, की हा मजकूर यंत्राने लिहिल्यासारखा वाटतो. इथे उघडून पाहायला मूळ पान नसतं. पहिला आकडा पुराव्याकडे बोट दाखवतो, दुसरा अंदाज असतो.

हा अंदाज कसा बांधतात? एआय ओळखणारी बहुतेक शोधयंत्रं पाहतात, की पुढचा शब्द किती अपेक्षित होता. सरळ, ठरावीक, एकसारख्या लांबीची वाक्यं असतील तर संशय वाढतो. वळणं, अनपेक्षित शब्द, लहानमोठी वाक्यं असतील तर कमी होतो. आता डोंबिवलीतल्या एखाद्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचं इंग्रजी आठवा. चुकू नये म्हणून तो येतात तेवढेच शब्द वापरतो आणि शाळेत घोटून घेतलेल्या साच्यातच वाक्य करतो. यंत्राला तो यंत्र वाटणार यात नवल काय?

हे नुसतं तर्काने सांगत नाही. २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात शोधयंत्रांपुढे टोफेल परीक्षेतले ९१ निबंध ठेवले. ते निबंध इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले होते. सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक वेळा ते यंत्राने लिहिलेले ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ बिनचूक ओळखले गेले. पुढची कडी तर नाटकात शोभावी अशी. त्याच टोफेल निबंधांतली शब्दयोजना चॅटजीपीटीकडून अधिक सफाईदार करून घेतल्यावर चुकीचा संशय घसरून १२ टक्क्यांच्या आसपास आला. ज्यांनी यंत्राला हात लावला नव्हता ते पकडले गेले, आणि हात लावल्यावर सुटले.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही जानेवारी २०२३च्या अखेरीस स्वतःचं शोधयंत्र आणलं होतं. त्यांच्याच चाचणीत त्याला यंत्रलिखित मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखता आला आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्याने खोटा आळ घेतला. जुलै २०२३मध्ये अचूकता कमी असल्याचं सांगून त्यांनी ते बंद केलं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टर्निटिन या तपासणीच्या सॉफ्टवेअरमधलं एआय-शोधक बंद केलं, तेव्हा साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडला. २०२२मध्ये त्यांच्याकडे ७५,००० पेपर तपासले गेले होते. शंभरात एकच चूक धरली, तरी ७५० जणांवर खोटा आरोप.

आपल्याकडे हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आहे. हरियाणातल्या ओ. पी. जिंदाल ग्लोबल विद्यापीठात कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याची उत्तरं ८८ टक्के एआयने लिहिलेली आहेत असं ठरवून त्याला त्या विषयात नापास करण्यात आलं. उत्तरं माझी आहेत, आणि एआय वापरू नये असा स्पष्ट नियम तरी कुठे आहे, असं म्हणत २०२४मध्ये तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केलं आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये याचिका निकाली निघाली. त्यामुळे मूळ प्रश्नावर न्यायालयाने काही ठरवलं नाही. पण विद्यापीठांसाठी धडा उरलाच : नियम आधी लिहून द्या, आणि एका आकड्यावर कुणाचं वर्ष टांगू नका.

पुढचं स्टेशन

यंत्राच्या मजकुरावर सही करणं धोक्याचं का, हे समजायला ते कसं लिहितं याची थोडी कल्पना हवी. ठाण्याहून धीम्या लोकलने डोंबिवलीला रोज जाणाऱ्याला डोळे मिटूनही स्टेशनं सांगता येतात : कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली. कारण एकानंतर दुसरं कुठलं येतं हे त्याला पाठ आहे. भाषेचं यंत्र असंच अफाट मजकुरावरून शिकलेलं असतं, की या शब्दानंतर बहुधा कुठला शब्द येतो. फरक इतकाच, की ते एकाही स्टेशनवर कधी उतरलेलं नसतं. एखाद्या फाट्यावर त्याला नाव आठवलं नाही, तर ते थांबत नाही. स्टेशनासारखं वाटेल असं एक नाव ठेवून देतं आणि गाडी पुढे काढतं.

संदर्भसूचीत हे सर्वांत जास्त घडतं. लेखकाचं नाव पटण्याजोगं, नियतकालिक खरं, वर्ष बरोबर वाटणारं, आणि असा लेख कधी छापलाच गेलेला नसतो. त्यावर औषध जुनंच आहे. ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून उभं आहे. तिथे जाऊन पुस्तकाचं नाव सांगायचं. पुस्तक हातात आलं आणि तो मजकूर त्या पानावर दिसला, तरच सूचीत लिहायचं.

हा घोटाळा फक्त विद्यार्थ्यांचा नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आदेश रद्द केला. कंपनीने सुमारे ३ कोटी रुपये उत्पन्न दाखवलं होतं, विभागाने ते जवळपास २८ कोटी ठरवलं आणि त्यासाठी तीन निवाड्यांचा आधार दिला. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयच्या या काळात यंत्रणेने समोर ठेवलेल्या निष्कर्षांवर डोळे झाकून विसंबू नये, न्यायनिवाड्याचं काम करणाऱ्याने ते पडताळून घ्यावेत, असं न्यायालयाने सुनावलं. सही अधिकाऱ्याची होती. यंत्राने सांगितलं, ही सबब सहीखाली लपवता येत नाही. ब्लॅक बुकच्या पहिल्या पानावरची सही याहून वेगळी नाही.

नियम किती प्रकारचे

जगभर सुरुवातीला घाबरून बंदीची भाषा झाली. पॅरिसच्या सायन्स पो या संस्थेने जानेवारी २०२३मध्ये घातलेली बंदी गाजली. पण ती नीट वाचली तर कळतं, की रोख न सांगता वापरण्यावर होता. पुढे बहुतेक ठिकाणी विचार निवळत गेला. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाने दोन मार्गिका आखल्या आणि २०२५मध्ये त्या लागू केल्या. पहिल्या मार्गिकेत परीक्षा, तोंडी, प्रत्यक्ष देखरेखीखालचं काम. तिथे विद्यार्थ्याला स्वतःला काय येतं हे पाहायचं, म्हणून परवानगीशिवाय एआय नाही. दुसऱ्या मार्गिकेत घरी करायचं काम. तिथे एआय वापरला जाणारच असं धरून चालायचं, आणि तो जबाबदारीने कसा वापरावा हेच शिकवायचं. जिथे नजर ठेवता येत नाही तिथे बंदी घालून फक्त प्रामाणिक मुलांना शिक्षा होते, हा त्यामागचा विचार.

आपल्या वर्गांत कुठलीही असाइनमेंट हातात आली, की ती तीनपैकी एका खणात बसते. पहिला खण : अजिबात नाही. इंग्रजी किंवा मराठी लेखनकौशल्याचाच पेपर असेल, तर वाक्यं सुधारून घेणंही नाही, कारण तपासायची गोष्टच ती आहे. दुसरा खण : सांगून वापरा. विषय समजून घेणं, मुद्द्यांची रचना, भाषेची दुरुस्ती चालेल, पण निरीक्षण, विश्लेषण आणि निष्कर्ष तुमचे. तिसरा खण : मुद्दाम वापरा. यंत्राकडून उत्तर घ्या आणि त्यातल्या चुका काढून दाखवा.

कुठला खण ते शिक्षकांनी सांगितलं नसेल, तर विद्यार्थ्याने विचारावं. ‘कुठला मानपाडा?’ इतक्याच सहजपणे विचारावं. आणि उत्तर शक्यतो लेखी घ्यावं, निदान वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

भाषांतराचा प्रश्न आपल्याकडे वेगळा महत्त्वाचा आहे. खूप मुलं विचार मराठीत करतात, मुलाखती मराठीत घेतात आणि अहवाल इंग्रजीत देतात. मराठीतला स्वतःचा मसुदा यंत्राकडून इंग्रजीत नेणं हे लबाडीचं काम नाही. अर्थशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या प्रकल्पात ते दुसऱ्या खणात सहज बसावं. अट इतकीच, की ते सांगावं आणि मराठी मसुदा जपून ठेवावा. कुणी आळ घेतलाच, तर तो हाताने लिहिलेला, खाडाखोडीने भरलेला मसुदा कुठल्याही टक्केवारीपेक्षा वजनदार ठरेल.

सांगायचं कसं

‘या प्रकल्पासाठी एआयचा वापर केला आहे.’ हे वाक्य जाहीर करणं म्हणून पुरेसं नाही. त्यातून काहीच कळत नाही. ‘मदत करणारे असंख्य आहेत’च्या पंगतीतलंच हे वाक्य. चांगल्या निवेदनात पाच गोष्टी येतात : कुठलं साधन, केव्हा, कामाच्या कुठल्या टप्प्यावर, त्याने दिलेल्या मजकुराचं पुढे काय केलं आणि काय पडताळलं.

कल्पनेतलं एक उदाहरण घेऊ. विषय आहे ‘मानपाडा रस्त्यावरील फेरीवाले आणि यूपीआयचे व्यवहार’. विद्यार्थिनी असं लिहू शकेल :

‘प्रश्नावलीचा पहिला आराखडा ५ डिसेंबरला चॅटजीपीटीकडून घेतला. त्यातले बारापैकी सात प्रश्न ठेवले. दिवसाची कमाई थेट विचारणारे प्रश्न काढले, कारण पहिल्या दोन फेरीवाल्यांनी त्यावर उत्तर द्यायचं टाळलं. चाळीस मुलाखती मी स्वतः मराठीत आणि हिंदीत घेतल्या. दुसऱ्या प्रकरणाचा मराठी मसुदा माझा आहे. त्याचं इंग्रजी भाषांतर यंत्राकडून घेऊन मी दोनदा तपासलं. यंत्राने सुचवलेल्या सहा संदर्भांपैकी दोन मला सापडले नाहीत, ते वगळले. तक्ते आणि निष्कर्ष यांत एआय वापरलेला नाही.’

हे निवेदन वाचल्यावर मार्गदर्शकांचा संशय वाढेल की विश्वास? त्यातलं सर्वांत बोलकं वाक्य एआयबद्दल नाहीच. फेरीवाल्यांनी कमाई सांगायचं टाळलं, हे आहे. ती रस्त्यावर उभी राहिली होती याची ती खूण. वापर किती हे सांगता सांगता स्वतःचं काम किती हेही सांगितलं जातं, म्हणून निवेदन ही कबुली समजू नये. तो हिशेब आहे. हिशेब चोख ठेवायचा तर काम करतानाच टिपणं ठेवावी लागतात. संभाषणं जतन करावी, मसुद्याच्या जुन्या प्रती पुसू नयेत.

एक पथ्य मात्र पाळायचं. फेरीवाल्यांची नावं, फोन नंबर, क्यूआर कोडचे फोटो यंत्रात टाकायचे नाहीत. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. पण कायदा नसता तरी ज्याने ठेल्यावर उभं राहून विश्वासाने सांगितलं, त्याची माहिती तिसऱ्याच्या हाती देताना त्याला विचारायला हवंच.

टेबलाच्या पलीकडे

नियम एकाच बाजूने लावले, की त्यांची टर उडते. शिक्षकाने प्रश्नपत्रिका यंत्राकडून काढून घेतली, चाळीस असाइनमेंटवरचे शेरे यंत्राकडून लिहून घेतले आणि मुलांकडून मात्र प्रतिज्ञापत्र मागितलं, तर मुलांना ते दिसतंच. असाइनमेंटच्या कागदावर तळाला ‘या प्रश्नांचा मसुदा एआयच्या मदतीने केला, निवड आणि बदल माझे’ अशी ओळ शिक्षकाने छापली, तर वर्गात लांबलचक उपदेशाची गरज उरणार नाही.

निवेदन खरं की खोटं हे तपासायला विद्यापीठाकडे एक जुनं साधन आधीपासून आहे. ब्लॅक बुकनंतर तोंडी परीक्षा असते. बरेचदा ती दोन मिनिटांत आटोपते : विषय काय, नमुना किती, निष्कर्ष काय, या. त्याऐवजी प्रतिज्ञापत्राचं पान उघडून परीक्षकाने विचारावं, ‘हे कमाईचे प्रश्न तुम्ही काढून टाकलेत. पहिल्या फेरीवाल्याने काय सांगितलं होतं?’ जी गेली होती तिला थांबवावं लागेल, इतकं ती बोलेल. जो गेला नव्हता, त्याला पुढचं स्टेशन सुचणार नाही. त्यासाठी कुठल्या शोधयंत्राची वर्गणी भरावी लागत नाही.

बांधणीच्या दुकानात घाई असते. सोनेरी अक्षरांचा साचा तापलेला असतो, मागे रांग असते, आणि काउंटरवरचा माणूस विचारतो, ‘डिक्लरेशनचं पान जुनंच लावू ना?’ त्या क्षणी ‘थांबा, माझं मी आणलंय’ असं म्हणत जी मुलगी पिशवीतून स्वतः लिहिलेलं एक पान काढेल, त्याखाली स्वतःच्या हाताने सही करेल आणि कुठे कुणाची कलम चालली ते त्यावर नोंदवलेलं असेल, तिच्या पुस्तकात बकलमही असेल आणि दस्तुरखुद्दही. दोन्ही आपापल्या जागी.